सात हजार की एक लाख आठ हजार?

दुबईच्या खाजगी शाळांत २०२४-२५ या वर्षी ३,८७,४४१ मुलं शिकत होती. शाळा २२७. आकडा केएचडीएचा, म्हणजे तिथल्या खाजगी शाळांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा. त्यामुळे शेवटच्या एक्केचाळीसपर्यंत चोख. ब्रिटिश अभ्यासक्रमाला किती, अमेरिकन अभ्यासक्रमाला किती, सीबीएसईला किती, सगळं मोजलेलं. साधारण चारांतलं एक मूल भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जातं, आणि करामा, कुसैस, अल नहदा भागातल्या आपल्या मराठी घरांतली मुलंही बहुतेक त्यातच धरलेली आहेत.

आता याच मुलांबद्दल दुसरा प्रश्न विचारू. यांतल्या किती जणांना मनाचा किंवा वर्तनाचा असा त्रास आहे, की ज्याला डॉक्टर रीतसर विकार म्हणतील? अतिचंचलता, टोकाचा हट्टीपणा आणि आक्रमकता, सतत पोखरणारी भीती, उदासी, स्वमग्नता, हे सगळं धरून किती?

गोव्यातल्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात विकार निघाला १.८१ टक्के मुलांना. हा दर दुबईला लावला तर ७,०१३ मुलं. भारताच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयोगटासाठी ७.३ टक्के असा दर काढला. तो लावला की २८,२८३. गुइलर्मे पोलांझिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २७ देशांतल्या ४१ अभ्यासांची मोट बांधली, ती १३.४ टक्क्यांवर आली. म्हणजे ५१,९१७. अमिरातीतल्याच अल ऐन शहरात ६ ते १८ वयाच्या ६२० मुलांची पाहणी २००३ साली छापून आली, तिचा दर १४.३ टक्के. म्हणजे ५५,४०४. आणि २०२० मध्ये शारजा विद्यापीठाच्या संशोधकांनी अमिरातीतल्या १३ ते १८ वयाच्या ९६८ विद्यार्थ्यांना तपासलं, तेही फक्त चिंतेच्या विकारांसाठी. दर निघाला २८ टक्के. म्हणजे १,०८,४८३.

वयोगट वेगळे, देश वेगळे, साल वेगळं. असे दर उचलून सरसकट सगळ्या शाळांवर चिकटवले, तर सांख्यिकीचा प्राध्यापक वही फेकून मारेल, आणि बरोबरच करेल. पण वर्तमानपत्रांत, शाळांच्या परिपत्रकांत आणि काउन्सेलिंग सेंटरच्या जाहिरातींत रोज नेमकं हेच होत असतं. फरक इतकाच की तिथं पाचांपैकी एकच आकडा दिसतो, बाकीचे चार दिसत नाहीत. तीस मुलांचा वर्ग धरा. गोव्याच्या मापानं त्यात जेमतेम अर्धं मूल येतं, शारजाच्या मापानं आठ. वर्ग तोच, बाकं तीच. हातातली मोजपट्टी बदलली.

ही मोजपट्टी कुठून आली, ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. १९६४-६५ मध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बेटावरच्या १० आणि ११ वर्षांच्या झाडून सगळ्या मुलांना मोजायचं ठरवलं. मुलं २,१९९. प्रत्येकाला मानसोपचारतज्ज्ञासमोर बसवणं अशक्य, म्हणून रटरनी आधी कागद वाटले. शिक्षकांसाठी २६ ओळी, पालकांसाठी ३१. मूल चुळबुळं आहे का, नखं खातं का, खोटं बोलतं का, एकटं एकटं राहतं का, अशा ओळी, आणि प्रत्येकीपुढे तीनच उत्तरं: नाही, थोडंफार, हो. गुण शून्य, एक, दोन. शिक्षकांच्या कागदावर ९ झाले किंवा पालकांच्या कागदावर १३ झाले, की मूल पुढच्या चाळणीत जायचं. मग खऱ्या मुलाखती. शेवटी दर आला ६.८ टक्के. जगात मुलांच्या मनाची शास्त्रशुद्ध मोजदाद खऱ्या अर्थानं इथून सुरू झाली असं मानतात.

तीसएक वर्षांनी हाच कागद अल ऐनला पोचला. १९७६ मध्ये स्थापन झालेलं अमिरातीचं पहिलं विद्यापीठ याच शहरात आहे, आणि तिथल्या वैद्यकीय शाखेत वल्सम्मा ईपेन या बालमानसोपचारतज्ज्ञ काम करत होत्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६ ते १५ वयाच्या तीन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर रटरची चाळणी लावली, मग निवडक मुलांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. १९९८ मध्ये तो अभ्यास छापून आला. दर दहा टक्क्यांच्या थोडा वर. या दोन टप्प्यांची खुबी अशी, की पहिल्या टप्प्यात घाबरलेले, वैतागलेले, तक्रारखोर पालक सगळे जमा होतात आणि दुसऱ्या टप्प्यात त्यातले बरेच गळून पडतात. नुसता पहिला टप्पा छापला की आकडा फुगतो.

शारजाच्या २८ टक्क्यांमागे एकच टप्पा होता. अरबीत उतरवलेली ४१ प्रश्नांची प्रश्नावली मुलांनी स्वतः भरली. पुन्हा शून्य, एक, दोन. ८२ पैकी २५ गुण झाले की चिंतेचा विकार असण्याची शक्यता. मुलींत ३३.६ टक्के, मुलांत १७.२. हे खोटं नाही. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःबद्दल काय म्हणते, हे तिच्याखेरीज कुणाला माहीत असणार? पण गोव्यात वापरलेली पद्धत आणखी एक गोष्ट विचारायची: या त्रासामुळे मुलाचं शाळेत, घरात, मित्रांत अडतं का? आणि त्या उत्तरांवर शेवटचा निर्णय तज्ज्ञ द्यायचे. पोटात गोळा येतो पण पेपर लिहून होतो, अशी मुलगी शारजात मोजली गेली आणि गोव्यात सुटली. दोन्हीकडे तिच्या पोटात गोळा होताच.

आणखी एक मोजपट्टी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. त्यात एक रकाना असतो, ‘वर्तणूक’. तिथे ‘चांगली’ लिहिलेलं असतं. दुबईतल्या सीबीएसई शाळेच्या टीसीवरही असतो तो रकाना, तिथं इंग्रजीत ‘गुड’. ज्या मुलाला आठवड्यातून तीनदा वर्गाबाहेर उभं केलं त्याचीही चांगली, जी मुलगी वर्षभर कुणाशी बोलली नाही तिचीही चांगली. या मापानं दर शून्य टक्के.

स्वमग्नतेचे आकडे तर आणखी गमतीचे. ईपेन आणि सहकाऱ्यांचाच २००७ मधला अभ्यास आहे, तीन वर्षांच्या ६९४ अमिराती मुलांचा. स्वमग्नतेच्या जातकुळीतले विकार दर दहा हजारांत २९, असा त्याचा निष्कर्ष. अमिरातीविषयीच्या लेखांत हा २९ वर्षानुवर्षं फिरतो आहे. आता भागाकार करून पाहा: दहा हजारांत २९ म्हणजे ३४५ मुलांमागे एक, म्हणजे ६९४ मध्ये दोन. हिशेबानं दोन मुलं! त्या दोन मुलांच्या खांद्यावर एका देशाची आकडेवारी उभी. यात संशोधकांचा दोष नाही. तीन वर्षांच्या मुलांना घरोघर शोधून, तपासून ६९४ पर्यंत पोचणं हेच मोठं काम होतं. दोष पुढे तो आकडा बिनधास्त उचलणाऱ्यांचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं आठ वर्षांच्या मुलांची जी मोजणी चालवली आहे, तिच्यात २००० साली १५० मुलांमागे एक होतं, २०२२ साली ३१ मागे एक. बावीस वर्षांत जवळपास पाचपट. मुलं बदलली थोडीफार, व्याख्या बदलली बरीच, आणि शोधणारे डोळे सगळ्यात जास्त. दहा हजारांत २९ चा दर दुबईच्या शाळांना लावला तर १,१२४ मुलं, अमेरिकेचा लावला तर १२,४९८. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या मदतीला बसणारे शिक्षक, किती लागतील याचा अंदाज बांधायला बसलेल्या माणसानं यातून काय घ्यावं?

इथवर आकडे मोठे वाटले असतील, तर एका मुलाच्या डोक्यात डोकावून येऊ. तिथले आकडे या सगळ्यांना लाजवतील.

शिकागोत पीटर हुटेनलोकर नावाचे बालमेंदूतज्ज्ञ होते. मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, एका पेशीचं दुसरीशी जोडणं जिथं होतं ती ठिकाणं ते हातानं मोजायचे. नवजात बाळापासून वृद्धापर्यंत २१ मेंदू. १९७९ मध्ये त्यांनी जे छापलं त्यात प्रौढ माणसाच्या कपाळामागच्या भागातला आकडा होता, दर घन मिलिमीटरमागे सुमारे ११० कोटी जोडण्या. एक घन मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान. आणि एक-दोन वर्षांच्या बाळात याच्या दीडपट, म्हणजे सुमारे १६५ कोटी. भारताची लोकसंख्या अजून तिथं पोचलेली नाही.

सबंध मेंदूच्या सालीत, म्हणजे बाह्यकात, अशा जोडण्या दीडशे लाख कोटींच्या घरात आहेत असा अंदाज आहे. लाख कोटी हा शब्द आपण अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकतो. भारत सरकारचा २०२५-२६ चा खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये होता. एका पोराच्या डोक्यात त्याच्या जवळपास तिप्पट जोडण्या, आणि त्यांचा ताळेबंद मांडायला कुणी लेखापाल नाही. हार्वर्डच्या बालविकास केंद्राच्या मते पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात. दोन वर्षांत सुमारे ६.३ कोटी सेकंद असतात. गुणाकार तुम्हीच करा, लाख कोटींतच जातो.

पण खरी नवलाची गोष्ट वाढ नव्हेच, छाटणी आहे. हुटेनलोकरना दिसलं की दोन ते सोळा या वयात या जोडण्या कमी कमी होत जातात आणि प्रौढाच्या पातळीला येतात. १६५ कोटींवरून ११० कोटी. म्हणजे दर घन मिलिमीटरमागे ५५ कोटी गेल्या. चौदा वर्षांत ४४ कोटी सेकंद. सरळ भागाकार केला तर मोहरीएवढ्याही नसलेल्या त्या तुकड्यातून, दर सेकंदाला एकाहून थोडी जास्त जोडणी कायमची निघून जाते. रात्री झोपेत, बसमध्ये, गणिताच्या तासाला, आईशी भांडताना, चौदा वर्षं. वापरात असलेल्या जोडण्या टिकतात, नसलेल्या जातात, असं ढोबळ तत्त्व. पुढे झाग्रेबच्या झद्रावको पेतान्येक यांनी ३२ मेंदू तपासून २०११ मध्ये दाखवलं की कपाळामागच्या भागात ही छाटणी तिशीच्या उंबरठ्यापर्यंत चालू असते. म्हणजे अठराव्या वर्षी ‘आता तू मोठा झालास’ म्हणताना कपाळामागच्या त्या भागाचं, जिथं आवर घालणं, थांबणं, पुढचा विचार करणं चालतं, काम अजून संपलेलं नसतं.

आता अतिचंचल मुलाकडे या. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ यांनी २००७ मध्ये अतिचंचलतेचा विकार, म्हणजे एडीएचडी, असलेली २२३ मुलं आणि नसलेली २२३ मुलं घेतली, वर्षानुवर्षं त्यांचे एमआरआय काढले, आणि बाह्यकावरच्या चाळीस हजारांहून अधिक बिंदूंची जाडी मोजली. ती वयाबरोबर वाढते, शिखर गाठते, मग उतरते. निम्म्या बिंदूंनी शिखर गाठलं ते वय नेहमीच्या मुलांत साडेसात वर्षं, एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. तीन वर्षांचा उशीर. क्रम मात्र तोच. वाट तीच, फक्त गाडी मागून येते आहे. कपाळामागच्या भागात उशीर सगळ्यात जास्त. हालचालींचा मुख्य भाग याला अपवाद, तो या मुलांत उलट थोडा आधीच तयार झालेला आढळला. वर्गशिक्षिका ‘याचे हातपाय थांबत नाहीत आणि डोकं जागेवर नसतं’ म्हणते, तिनं एमआरआय न काढता जवळजवळ तेच निदान केलेलं असतं.

तीन वर्षांचा हा उशीर बघितल्यावर एका वर्षाचा उशीर किरकोळ वाटेल. पण तो दर वर्गात आहे आणि पूर्णपणे आपण तयार केलेला आहे. अमिरातीतल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि २०२१-२२ पासून त्यांची कट-ऑफ ३१ मार्च आहे. केजी वनला प्रवेशासाठी त्या तारखेला मूल चार वर्षांचं हवं. म्हणजे ३० मार्चला चार पूर्ण करणारी मुलगी आणि दोन एप्रिलला पाच होणारा मुलगा एका सतरंजीवर बसतात. मधलं अंतर एक वर्ष. चार वर्षांच्या मुलीच्या दृष्टीनं ते तिच्या आजवरच्या आयुष्याचा पाव भाग आहे. पेन्सिल धरणं, रांगेत उभं राहणं, बाईंचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसणं, सगळ्यात पाव आयुष्याचा फरक, आणि तुलना मात्र सरळ.

याची किंमत अमेरिकेत मोजली गेली आहे. टिमोथी लेटन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ४,०७,८४६ मुलांच्या नोंदी पाहिल्या. ज्या राज्यांत कट-ऑफ एक सप्टेंबर, तिथं ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांत एडीएचडीचं निदान दर दहा हजारांत ८५.१, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या मुलांत ६३.६. एकतृतीयांश फरक. ज्या राज्यांत ही कट-ऑफ नव्हती तिथं ऑगस्ट-सप्टेंबरचा असा फरकही नव्हता. जन्मतारखेमुळे मेंदू बिघडत नाही. बाईंच्या डोळ्यासमोर शेजारी कोण बसलंय, त्यानं निदान बदलतं. दुबईतल्या पीटीएमला ‘तुमचा मुलगा फारच इमॅच्युअर आहे, कुणाला तरी दाखवा’ असं ऐकून आलेल्या आईनं पहिल्यांदा कॅलेंडर बघावं, आणि मुलाचा वाढदिवस फेब्रुवारी-मार्चमधला निघाला तर बाईंना नम्रपणे ते सांगावं. तरीही दाखवायचं ते दाखवावंच; शॉ यांची तीन वर्षं आणि लेटन यांचं एक वर्ष एकाच मुलात एकत्र येऊ शकतात.

भाषेचंही तसंच. दुबईतल्या मराठी घरात मूल घरी मराठी, बसमध्ये हिंदी, वर्गात इंग्रजी ऐकतं, आणि शाळेत अरबी सक्तीचा विषय. चार भाषा. बोलायला उशीर झाला की कुणीतरी सल्ला देतं, घरी मराठी बंद करा. एकाहून जास्त भाषांमुळे मुलाला भाषेचा विकार होतो याला पुरावा नाही, स्वमग्न मुलांतही नाही. हा सल्ला मानला की होतं एवढंच, की आजी फोनवर मुकी होते.

आता पुन्हा पहिल्या भागाकाराकडे जावं लागेल, कारण आतापर्यंत आपण फक्त अंशावर वाद घातला. छेद अजून तपासलेलाच नाही.

१९६८ मध्ये या किनाऱ्यावरच्या सात संस्थानांची पहिली जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या होती सुमारे १ लाख ८० हजार. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरात स्थापन झालं; १९७५ मध्ये ५,५७,८८७; २००५ मध्ये ४१,०६,४२७; आज एक कोटीच्या पुढे. त्यात भारतीय पस्तीस लाखांहून अधिक, नागरिक साधारण नऊ जणांत एक. पंचावन्न वर्षांत पन्नास पटींहून जास्त वाढ झालेल्या या देशात मुलांसाठीचं पहिलं खास रुग्णालय, दुबईचं अल जलीला, उघडलं नोव्हेंबर २०१६ मध्ये. मानसिक आरोग्याचा १९८१ चा कायदा जाऊन नवा आला तो २०२३ मध्ये. आणि ज्या ६९४ मुलांवर स्वमग्नतेचा आकडा उभा आहे ती सगळी अमिराती नागरिक कुटुंबांतली होती. म्हणजे मोजलं नवांतल्या एकाला, आणि आकडा नऊही जणांच्या नावावर फिरला.

जी मुलं मुळात देशातच नाहीत त्यांचं काय? अमिरातीत बायकामुलांना आणायचं तर पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि राहायला जागा. त्याखालचा माणूस एकटा राहतो. दुबईत दोन पुरुषांमागे एक बाई, हे प्रमाण उगाच नाही. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन इथल्या कितीतरी घरांत वडील आखातात आणि मुलं गावात, आजोळी नाहीतर चुलत्यांकडे. ज्या बापाचा पगार ४,१०० आहे त्याचा मुलगा दुबईच्या ३,८७,४४१ मध्ये धरला गेला, कदाचित शारजाच्या मापानं वर्गातल्या त्या आठांतही. ज्याचा ३,९०० आहे आणि कंपनीनं जागा देऊ केलेली नाही, त्याचा मुलगा तिथं धरला जात नाही. मग तो इथं धरला जातो का? २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा राज्यं होती, आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या सर्वेक्षणानं देशभरात १३ ते १७ वयाची ९८ लाख मुलं त्रासात आहेत असा अंदाज दिला. त्यात म्हसळ्याच्या त्या पोराचा वाटा दुसऱ्या राज्यांतल्या मुलांवरून लावलेला आहे. दुबईच्या बापाला व्हिडिओ कॉलवर दिसतो तो मुलगा हसत असतो, कारण कॉल पाच मिनिटांचा असतो.

दुबईनं एक मोजणी मात्र नेटानं केली. २०१७ मध्ये केएचडीएनं ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या शिक्षण खात्याला बरोबर घेऊन सहावी ते नववीच्या सुमारे ६५ हजार मुलांना एकदम प्रश्न विचारले: बरं वाटतं का, झोप होते का, शाळेत कुणी आपलं आहे का. नंतरही काही वर्षं ती मोजणी झाली. अल ऐनच्या ६२० आणि शारजाच्या ९६८ पुढे हा पसारा अवाढव्य, आणि शाळांना आपापले निकाल हातात मिळाले, हे फार चांगलं. अडचण एवढीच, की ती सहावीपासून सुरू व्हायची.

मार्को सोल्मी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये १९२ अभ्यास आणि ७,०८,५६१ माणसं एकत्र करून मानसिक विकार कोणत्या वयात सुरू होतात ते काढलं. चौदाच्या आत ३४.६ टक्के, अठराच्या आत ४८.४, पंचविशीच्या आत ६२.५. सगळे विकार एकत्र धरले तर सुरुवातीचं शिखर साडेचौदा वर्षांवर. पण फोड केली की चित्र हलतं. एडीएचडी, स्वमग्नता यांसारखे विकासाचे विकार आणि भीती-चिंतेचे विकार, या दोन्हींचं शिखर साडेपाच वर्षांवर येतं. सहावीतलं मूल अकरा वर्षांचं असतं. म्हणजे प्रश्न त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याच्या भीतीला पाच-सहा वर्षं झालेली असू शकतात, आणि ती भीती त्याला स्वतःला किंवा घरच्यांना आता ‘स्वभाव’ वाटू लागलेली असते.

सुरुवात आणि पहिला उपचार यांत किती काळ जातो, हे फिलिप वँग यांनी अमेरिकेतल्या नऊ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींतून २००५ मध्ये काढलं. जे शेवटी डॉक्टरकडे पोचतात, त्यांच्यातही उदासीच्या विकारांसाठी ६ ते ८ वर्षं, चिंतेच्या विकारांसाठी ९ ते २३ वर्षं. तेही अमेरिकेत, जिथं दवाखाने कमी नाहीत. अमिरातीत नोकरदाराचा व्हिसा साधारण दोन वर्षांचा असतो. चिंतेचा किमान उशीर म्हणजे साडेचार व्हिसे; दरम्यान कंपनी बदलते, घर बदलतं, शारजातली शाळा जाऊन पुण्यातली येते, पुन्हा अबूधाबी. काउन्सेलरनं लिहिलेलं पान टीसीबरोबर जात नाही, त्यामुळे प्रत्येक शाळेत मूल पहिल्यापासून ‘थोडं लाजाळू’ असतं. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळालेल्या घरातही कमाल उशीर एका व्हिशात बसत नाही.

हिशेब अगदी सोपा आहे. साडेपाचव्या वर्षी सुरू झालेली भीती, अधिक नऊ वर्षं, म्हणजे साडेचौदा: दहावीच्या तोंडावर पहिल्यांदा कुणीतरी विचारतं. आणि अधिक तेवीस धरली तर साडेअठ्ठावीस. तोवर लग्न झालेलं असतं, नोकरी लागलेली असते, आणि बहुधा स्वतःचंच एक मूल केजी वनच्या कट-ऑफकडे सरकत असतं.